सीलिंगची दुसरी बाजू

आई वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायला गेली, त्या उन्हाळ्यात ती एक वाक्य पुन्हापुन्हा म्हणायची. "अगं, भिंती गार लागतात, पण डोक्यावर कुणीतरी तापलेला तवा धरून उभं आहे असं वाटतं." थंडीत त्याच पलंगावर पडून ती म्हणाली, "वरून कुणीतरी हळूच फुंकर घालतंय." मी दोन्ही वाक्यं तिच्या वयाच्या खात्यावर टाकली. पंखा बदलला, जाड पडदे लावले, थंडीत हीटर आणून ठेवला. मान वर करून सीलिंगकडे काही पाहिलं नाही.

तीन वर्षं अशीच गेली. मग एका संध्याकाळी, ऊन उतरून दोन तास झाल्यावर, स्टुलावर चढून दिवा बदलताना माझा तळहात सहज सीलिंगला टेकला आणि तिथेच राहिला. ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावल्यावर जसं लागतं, तसं ते लागत होतं. लांबून तापमान मोजणारं एक छोटं यंत्र मिळतं, ते आणलं आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच वेळी मोजलं. भिंत ३२ अंश, सीलिंग ३८. आपली कातडी साधारण ३३-३४ अंशांवर असते. म्हणजे भिंती आईच्या अंगातली उष्णता थोडीफार घेत होत्या आणि सीलिंग वरून तिला उष्णता देत होतं. हवा कितीही हलवली तरी प्रारणाने, म्हणजे तापलेल्या वस्तूपासून हवेच्या आधाराशिवाय थेट येणारी उष्णता अडत नाही, त्यामुळे पंख्याचा इलाज तिथे पुरणारच नव्हता. फुंकरही खरी होती. थंडीत गार पडलेल्या सीलिंगला लागून असलेली हवा गार होते, जड होते, खाली उतरत राहते आणि निजलेल्या माणसाच्या चेहऱ्याला आधी जाणवते. आई तीन वर्षं मला अचूक निरीक्षण सांगत होती.

जिन्याच्या माथ्यावर आमच्या सीलिंगमध्ये एक चौकोनी झाकण आहे. ते मी कधी उघडलं नव्हतं. घरातली प्रत्येक भिंत, प्रत्येक फरशी आपल्या ओळखीची असते. पण सीलिंगची वरची बाजू म्हणजे त्याच घराचा एक भाग असूनही परका मुलूख. शिडी लावून, टॉर्च घेऊन डोकं वर काढलं तेव्हा आधी जाणवली ती तिथली हवा. कोंडलेली, कोरडी, चटका देणारी. गडद रंगाच्या छपराखालची अशी जागा भर उन्हात ६० अंशांच्या घरात सहज जाते. आईच्या पलंगावर, एका बोटभर पातळ सीलिंगच्या पलीकडे, हे सगळं रोज तापत होतं.

तिथे इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, होतं. पिवळ्या ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांच्या गाद्या, कधीतरी आधीच्या मालकांनी टाकलेल्या. पण कशा होत्या! तुळयांच्या मधल्या खणांत काही नीट बसलेल्या, काही दुमडून पडलेल्या. आईच्या खोलीवर वायरिंगचं काम कुणीतरी केलेलं दिसत होतं: दोन खणांतल्या गाद्या उचलून बाजूला रचलेल्या आणि तशाच सोडून दिलेल्या. खाली सीलिंगची पाठ उघडी. अजून एक गोष्ट होती, तिचा अर्थ मला नंतर कळला. काही गाद्यांवर काळपट डाग होते. मला वाटलं बुरशी. तो होता धूळ अडकून झालेला मळ. खालच्या खोल्यांतली हवा दिव्यांच्या भोकांतून, पाईपांच्या कडेने वर जात होती आणि ग्लासवूल तिला गाळत होतं. जिथे डाग, तिथे खाली फट. इतका सरळ नकाशा समोर होता.

मी खाली उतरले तेव्हा मनात एकच प्रश्न होता: कोणतं मटेरियल घ्यायचं? पुढचे दोन महिने मी तोच प्रश्न विचारत राहिले, ज्यांना भेटले त्या सगळ्यांना. प्रत्येकाने आपापलं मटेरियल सांगितलं. तो प्रश्न पहिला नसून तिसरा किंवा चौथा आहे, हे मला त्या डागांनी आधीच सांगितलं होतं, पण मला ते वाचता आलं नव्हतं.

इन्सुलेशन म्हणजे काय, हे मला स्वतःला समजेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं. शाळेत शिकलेलं आठवलं: उष्णता तीन मार्गांनी जाते, वहन, अभिसरण आणि प्रारण. पदार्थातून उष्णता किती वेगाने वाहते याचा नियम फुरिये या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली मांडला आणि आजही सीलिंगचा हिशोब त्याच नियमाने करतात. त्यात पदार्थाची उष्णतावाहकता हा आकडा मध्यभागी असतो. तो जितका लहान, तितकी उष्णता कमी वाहते. लाकूड साधारण ०.१३. ग्लासवूल, रॉकवूल, कागदाचा सेल्युलोज, मेंढीची लोकर, थर्माकोल, हे सगळे ०.०३ ते ०.०४५ च्या दरम्यान. आणि नुसती स्थिर हवा ०.०२५ च्या आसपास.

शेवटच्या आकड्यापाशी मी थबकले. हवा या सगळ्यांपेक्षा चांगली आहे. मग नुसती हवा का चालत नाही? पोटमाळ्यात तर हवाच हवा होती. कारण मोकळी हवा स्थिर राहत नाही. ती तापते, वर जाते, फिरते आणि उष्णता पाठीवर घेऊन हिंडते. काचेचे धागे, दगडाचे धागे, कागदाचा लगदा, लोकर, फेस, या सगळ्यांचं काम एकच: हवेला इतक्या बारीक कप्प्यांत बसवायचं की तिला हलता येऊ नये. थंडीत पांघरूण अंगावर घेतो तेव्हा आपण हेच करतो. कापूस स्वतः ऊब देत नाही, कापसात अडकलेली हवा आपली ऊब जाऊ देत नाही. आणि तेच पांघरूण अंगाखाली दाबलं गेलं की फरशीचा गारवा लागतो, कारण हवा पिळून निघालेली असते.

हे एकदा मनात बसलं आणि दुकानातली वाक्यं वेगळी ऐकू यायला लागली. "ही जाड गादी आहे, पण दाबून कमी जागेत बसवता येते." दाबून बसवली तर मी पैसे मोजलेली हवाच निघून जाणार.

मग वही घेतली. आईच्या खोलीचं सीलिंग सोयीसाठी २० चौरस मीटर धरलं. वर ५५ अंश, खाली ३०, म्हणजे २५ अंशांचा फरक. नुसत्या सीलिंगचा रोध, दोन्ही बाजूंच्या हवेच्या पातळ थरांसकट, उदार मनाने ०.५ धरला. हा रोध म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा, इन्सुलेशनच्या पाकिटांवर लिहिलेली आर-व्हॅल्यू, इथे मेट्रिक मापातली. जाडीला वाहकतेने भागलं की मिळते. काही देशांत ती फूट-इंचांच्या मापात लिहितात आणि तो आकडा साधारण ५.७ पट मोठा दिसतो, त्यामुळे पाकिटावरचे दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी माप कोणतं ते बघावं लागतं. तर, उघड्या सीलिंगमधून उष्णता येते १००० वॅट. एक हीटर भर उन्हाळ्यात डोक्यावर लावून ठेवावा तितकी. ०.०४ वाहकतेचं १०० मिलिमीटर इन्सुलेशन टाकलं की ती १६७ वॅटवर येते. २०० मिलिमीटर टाकलं की ९१. ३०० टाकलं की साधारण ६३.

पहिल्या १०० मिलिमीटरने ८३३ वॅट वाचवले, दुसऱ्याने ७६, तिसऱ्याने २८. जाडीचा मोह इथे थोडा कमी झाला. पण खरा धक्का पुढच्या ओळीत होता. मी २० पैकी १ चौरस मीटर सीलिंग उघडं ठेवून तोच हिशोब केला, कारण वर मी तसंच पाहिलं होतं. २०० मिलिमीटरचा थर, पण १ मीटर उघडा: ९१ चे १३६ वॅट झाले. ३०० मिलिमीटरचा थर, १ मीटर उघडा: १०९. म्हणजे एक भोक असलेला ३०० मिलिमीटरचा महागडा थर हा भोक नसलेल्या २०० मिलिमीटरच्या साध्या थरापेक्षा वाईट! मी आकडे तीनदा तपासले. वर पडलेल्या त्या दोन रिकाम्या खणांकडे मी "थोडंसंच तर राहिलंय" म्हणून पाहिलं होतं. उष्णतेला थोडंसंच पुरतं.

या हिशोबात फटींतून जाणाऱ्या हवेची गोष्ट तर आलेलीच नाही. थंडीत घरातली उबदार हवा वर चढते आणि सीलिंगच्या प्रत्येक भोकातून निसटते. तिच्या जागी खालून, दारांच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते. घर म्हणजे एक धुराडंच होतं. तंतूंची गादी या वाहत्या हवेला अडवत नाही, फक्त गाळते. म्हणून कोणतंही इन्सुलेशन टाकण्याआधी सीलिंगची पाठ साफ करून, पाईपांभोवतीच्या, वायरांच्या, भिंतींच्या माथ्यावरच्या फटी बुजवायच्या असतात. हे काम स्वस्त आहे, चिकाटीचं आहे, आणि पूर्ण झाल्यावर गादीखाली झाकलं जातं. मला भेटलेल्या पाच जणांपैकी फक्त एकाने ते आपणहून सांगितलं.

तरीही मटेरियल निवडायचं होतंच.

ग्लासवूलची ओळख जुनी. १९३० च्या दशकात अमेरिकेत वितळलेल्या काचेवर जोराची हवा मारून बारीक धागे काढण्याची रीत सापडली आणि तिथून ते घराघरांत गेलं. हलकं, स्वस्त, न जळणारं. अंगाला खाजतं, म्हणून पूर्ण बाह्या आणि मास्क हवाच. कर्करोगाबद्दलची भीती मलाही होती. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००१ साली फेरतपासणी करून इमारतीत वापरायच्या ग्लासवूलला आणि रॉकवूलला संशयितांच्या गटातून काढून 'मानवी कर्करोगाच्या दृष्टीने वर्गीकरण करता येत नाही' अशा गटात ठेवलं. हे वाचून मला बरं वाटलं. मास्क मात्र तरी हवाच.

रॉकवूल मला पाहताक्षणी आवडलं, हे कबूल करते. हवाईतल्या ज्वालामुखींतून लाव्हा उसळतो तेव्हा त्याचे थेंब वाऱ्यात ताणले जाऊन काचेचे सोनेरी केस होतात. तिथल्या देवीच्या नावावरून त्यांना पेलेचे केस म्हणतात. माणसाने केलं ते तेच: बसाल्टसारखा दगड साधारण १५०० अंशांना वितळवायचा आणि फिरत्या चाकांवर सोडून त्याचे धागे काढायचे. भट्टीच्या मळीपासून असे धागे काढण्याचा एक प्रयोग १८४० साली वेल्समध्ये झाला होता. कारखानाभर उडणाऱ्या त्या धाग्यांनी कामगारांना इजा व्हायला लागली आणि तो सोडून द्यावा लागला. आजचं रॉकवूल जड असतं, घट्ट असतं, हजार अंशांपर्यंत त्याचे तंतू तग धरतात, आणि सुरीने कापलं की पाईपभोवती जिथल्या तिथे बसतं. हा शेवटचा गुण कुठल्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला नसतो, पण रिकाम्या खणांचा हिशोब केलेल्या माणसाला तोच दिसतो.

सेल्युलोज म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा. जळू नये, कीड लागू नये म्हणून त्यात बोरॅक्ससारखे क्षार मिसळतात. जाड नळीने तो वर फवारतात आणि तो बर्फासारखा प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक वायरखाली जाऊन बसतो. वाकड्यातिकड्या पोटमाळ्यासाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही, आणि वाचून झालेला कागद घरावर पांघरायचा ही कल्पना मला फार सुंदर वाटते. पण तो खाली बसतो. आज ३०० मिलिमीटर दिसणारा थर काही वर्षांत पाचव्या हिश्शापर्यंत दबू शकतो. म्हणून जाडी मोजताना दबल्यानंतरची जाडी धरायची आणि किती पोती रिकामी झाली ती मोजायची. नळीतून हवा जास्त सोडली की थोड्या मालात थर जाड दिसतो. पोती मोजली की हे कळतं. आमच्या छपरातून पूर्वी दोनदा पाणी गळलं होतं. भिजलेला भुगा गोळा होऊन बसतो आणि पुन्हा फुलत नाही. तिथे माझं मन मागे आलं.

मेंढीची लोकर ओलावा स्वतःत घेते आणि परत सोडते, हात लावला तर ओली वाटतही नाही. कसरीपासून राखावी लागते. थर्माकोल हलका आणि स्वस्त, पण जळतो. शिवाय पीव्हीसीच्या वायरला चिकटून राहिला तर वायरच्या आवरणातला मऊपणा देणारा अंश शोषून घेतो आणि आवरण कडक होऊन तडकतं. पोटमाळ्यात वायरी जिकडेतिकडे, म्हणून तो नको. चकाकणारी फॉईल प्रारण परतवते, उन्हाच्या घरात छपराच्या खालच्या बाजूने, हवेची पोकळी ठेवून लावली तर तिचा उपयोग होतो. सीलिंगवर आडवी पसरली की वर धूळ बसते आणि चकाकी संपते.

ज्यांच्या सीलिंगवर थेट काँक्रीटचा स्लॅब आहे, पोटमाळाच नाही, त्यांचा प्रश्न वेगळा. तिथे घट्ट बोर्ड स्लॅबच्या वर टाकणं उत्तम, म्हणजे ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही. मात्र पाणी न पिणारा आणि वजन पेलणारा बोर्ड लागतो.

फवारायचा फेस हा सगळ्यांत आग्रहाने सुचवला गेलेला पर्याय होता. बंद कप्प्यांचा पॉलियुरेथेन फेस ०.०२५ च्या आसपास, म्हणजे कमी जागेत जास्त रोध, आणि फटीही आपोआप बंद. आकड्यांत तो जिंकतो. पण तो लाकडाला कायमचा चिकटतो. उद्या छपर गळलं तर वासा आतून कुजत असला तरी दिसत नाही. वायर बदलायची तर खरवडायचा. आणि तो कारखान्यात बनत नाही, आपल्या डोक्यावर, दोन द्रव्यं मिसळून बनतो. मिसळ चुकली तर वास घरात राहतो. यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा एक वेगळा फेस एकेकाळी भिंतींत भरत असत. त्यातून निघणाऱ्या वायूमुळे कॅनडाने १९८० साली त्यावर बंदी घातली. आजचा फेस तो नव्हे. पण या वाचनातून मी ज्या दोन गोष्टींपाशी पोचले, त्यांनी माझा निर्णय ठरवला.

पहिली, अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या लिबी या गावाची. तिथल्या खाणीतलं व्हर्मिक्युलाइट हे खनिज तापवलं की मक्याच्या लाहीसारखं फुलतं. ते पोत्यांतून आणून लोकांनी आपापल्या हाताने सीलिंगवर ओतलं. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून अधिक याच एका खाणीतलं होतं. आणि त्या खाणीत व्हर्मिक्युलाइटच्या सोबतीला ॲस्बेस्टॉस होतं, ज्याचे बारीक तंतू श्वासातून आत गेले तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. आज तिथल्या सरकारचा सल्ला असा की पोटमाळ्यात असे चकाकते खडे दिसले तर त्यांना हात लावू नका, हलवू नका.

दुसरी ऑस्ट्रेलियाच्या राजधानीची, कॅनबेराची. १९६८ पासून साधारण दहा वर्षं तिथे एका कंत्राटदाराने घरांच्या सीलिंगवर शुद्ध ॲस्बेस्टॉसचा पिंजलेला कापूस फवारला. हजाराहून अधिक घरं. न जळणारं, न कुजणारं, उत्तम इन्सुलेशन म्हणून. १९८० च्या दशकाच्या शेवटी सरकारने घराघरांतून ते काढवून घेतलं. तरी तंतू उरले होते, भिंतींच्या पोकळीत, फटींमध्ये. शेवटी २०१४ साली सरकारने ती घरं विकत घेऊन पाडायचं ठरवलं. मी हे वाचलं ती रात्र मला आठवते. त्या घरांतल्या माणसांनी काहीच वावगं केलं नव्हतं. त्यांनी माझ्यासारखंच, घरातल्या कुणाला तरी वरच्या खोलीत नीट झोप लागावी म्हणून, त्या वेळी चांगलं सांगितलं गेलेलं मटेरियल निवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी वहीत मी मटेरियलच्या नावांसमोर एक नवा रकाना आखला: 'परत उचलता येतं का?' आज मला जे माहीत आहे त्यावरच मी निवड करू शकते. पुढे काय कळेल ते मला सांगता येत नाही. पण माझ्यानंतर कुणाला ते सुटं करून, उचलून, बघून, बदलता येईल इतकी काळजी मी घेऊ शकते. आकड्यांतला थोडा तोटा मला त्यासाठी चालणार होता. रॉकवूलच्या सुट्या गाद्या.

ज्या काकांनी फटींबद्दल आपणहून सांगितलं होतं, त्यांनाच काम दिलं. त्यांनी जुनं ग्लासवूल पूर्ण काढून टाकू दिलं नाही. "ताई, कोरडं आहे ते चांगलं आहे. ओलं, दबलेलं तेवढं काढू." बाकीचं उचलून, खालच्या फटी बुजवून, पुन्हा तुळयांच्या मधे बसवायचं आणि त्यावर रॉकवूलचा दुसरा थर आडवा टाकायचा, तुळयांना काटकोनात. आडवा का, हे त्यांनी हाताची बोटं बोटांवर आडवी ठेवून दाखवलं. लाकूड तंतूंच्या तिप्पट उष्णता वाहून नेतं. खणांमध्ये भरून तुळया उघड्या ठेवल्या तर प्रत्येक तुळई एक पट्टी बनते. वरचा थर त्यांना झाकतो आणि खालच्या थराचे सांधेही.

काम सुरू करण्याआधी त्यांनी एक गोष्ट शोधली, जी मी चार वेळा वर जाऊनही पाहिली नव्हती. बाथरूमच्या पंख्याचा पाईप छपराबाहेर जातच नव्हता. पूर्वी कुणीतरी तो पोटमाळ्यात आणून सोडला होता. प्रत्येक अंघोळीची वाफ वर येत होती. आतापर्यंत ते निभावलं, कारण सीलिंग गळकं होतं आणि पोटमाळा थंडीतही थोडा उबदार राहत होता. आता नीट इन्सुलेशन टाकलं की पोटमाळा थंडीत खरोखर गार होणार, आणि तीच वाफ गार लाकडावर दव होऊन बसणार. मी घर सुधारायला निघाले होते आणि छपर कुजवून बसले असते. पाईप आधी बाहेर काढला. छपराच्या कडांना हवा खेळायच्या जागाही गादीने बुजू नयेत म्हणून पुठ्ठ्याचे पन्हळ ठोकले.

वाफेपासून बचावाला प्लॅस्टिकचा कागद कुठल्या बाजूने लावावा यावर मला तीन जणांनी तीन उत्तरं दिली होती. उत्तर हवेवर अवलंबून असतं. थंड प्रदेशात वाफ आतून बाहेर जाते, म्हणून अडसर आतल्या, उबदार बाजूला. दमट उष्ण प्रदेशात आत एसी चालू असेल तर ती बाहेरून आत येते आणि आतला तोच कागद पाणी अडवून सीलिंग भिजवतो. आमच्याकडे दोन्ही ऋतू जोराचे. काकांनी कागद टाकलाच नाही. फटी बंद करण्यावर भर दिला, कारण पदार्थातून पाझरणाऱ्या वाफेपेक्षा वाहत्या हवेबरोबर जाणारी वाफ कितीतरी जास्त असते. सीलिंगमध्ये खोचलेले जुने गरम होणारे दिवे काढून एलईडी लावले, आणि तेही गादीखाली झाकायला चालतील असेच. वायरी शक्य तितक्या गादीच्या वर घेतल्या, कारण दोन्ही बाजूंनी झाकलेली वायर स्वतःची उष्णता बाहेर टाकू शकत नाही.

कामाच्या वेळा मी त्यांच्यावर सोडल्या नाहीत, स्वतः आग्रह धरला. ऑस्ट्रेलियात २००९ साली सरकारने घरोघरी सीलिंगवर इन्सुलेशन टाकायची मोठी योजना काढली होती. घाईघाईत शिकवलेली तरुण मुलं पोटमाळ्यांत चढली. चार जण गेले: तिघं विजेच्या धक्क्याने, त्यांतले काही फॉईलला धातूच्या पिना मारताना, आणि एक उष्माघाताने. वर्षभरात योजना बंद झाली, पुढे २०१४ साली चौकशी आयोगाचा अहवाल आला. आईच्या डोक्यावरचा ताप कमी करायला दुसऱ्या कुणाचा मुलगा ६० अंशांत रांगावा हे मला सहन होणारं नव्हतं. काम सकाळी उजाडताच सुरू आणि नऊला बंद, मेन स्विच पूर्ण वेळ खाली, झाकणाशी खाली कायम एक माणूस. तीन दिवसांचं काम सहा दिवस चाललं. काका म्हणाले, इतकी वर्षं काम करतोय, पहिल्यांदाच कुणी तास ठरवून दिले.

शेवटच्या दिवशी सगळं झाकून झाल्यावर ते खाली उतरले आणि चौकोनी झाकण बसवायला लागले. मी थांबवलं. झाकण म्हणजे पातळ प्लाय, कडेने बोट जाईल इतकी फट. सगळ्या सीलिंगवर १९० मिलिमीटर आणि हा चौकोन उघडा! वहीतला तो १ चौरस मीटर मी विसरले नव्हते. झाकणाच्या पाठीवर त्याच गादीचा तुकडा चिकटवला, कडेने रबराची पट्टी लावली, खिट्टीने ते घट्ट ओढलं जाईल असं केलं. याला आणखी अर्धा तास गेला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच वेळी, संध्याकाळी, ते यंत्र पुन्हा काढलं. भिंत ३२, सीलिंग ३२.५. एक नवीनच गोष्टही लक्षात आली: पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन आता जास्त त्रास द्यायला लागलं, कारण आत आलेली उष्णता आता सीलिंगमधूनही सहज बाहेर पडत नाही. खिडकीला बाहेरून सावली केली आणि रात्री गार वारा सुटला की दोन्ही खिडक्या उघडायची सवय लावून घेतली.

आई सीलिंगबद्दल काही बोलली नाही. मी वाट पाहत होते. दहाएक दिवसांनी मीच विचारलं, तवा अजून जाणवतो का. तिने वर बघितलं, आठवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "कुठला तवा?"

झाकणाच्या आतल्या बाजूला, वर चढणाऱ्याला आधी दिसेल अशा जागी, मी जाड पेनाने लिहून ठेवलं आहे. काम केल्याची तारीख. खाली जुनं ग्लासवूल ९० मिलिमीटर, वर रॉकवूल १००, आडवं. ॲस्बेस्टॉस नाही, तपासून घेतलं आहे. वायरी कुठून कुठे गेल्या आहेत त्याचं लहान चित्र. बाथरूमचा पाईप छपराबाहेर काढला आहे, वर्षातून एकदा त्याचा सांधा बघावा. आणि शेवटची ओळ: गादी उचलल्यास कृपया परत जागेवर ठेवावी, खाली कुणीतरी झोपतं.